मी बसचा पत्रा बडवला

माझ्या लेकीचं दुसरं बाळंतपण इंग्लंडात झालं. सिझर झालेलं, पोटाला टाके, खाटेवरून उठायची सोय नाही. जावयाची रजा संपली आणि मोठ्या नातीला शाळेतून आणायचं काम माझ्यावर आलं. मी आमच्या गावाहून, साखऱ्याहून येऊन चारच दिवस झालेले. पाच वर्षांची नात अजून माझ्याशी धड बोलतही नव्हती.

"आई, कोपऱ्यावर बस मिळंल. चढलीस की हे कार्ड मशीनला टेकव, शाळेपाशी उतर. जमंल ना?" लेक म्हणाली.

"काहून न जमंल? तालुक्याला, सेनगावला एकटीच जात असते मी," असं तोऱ्यात म्हणून निघाले.

बसमध्ये कंडक्टरच नव्हता. मी कार्ड टेकवलं आणि काचेआडच्या ड्रायव्हरला "स्कूल, स्कूल" असं दोनदा बजावलं. त्यानं मान डोलावली. मग काय, मी निवांत खिडकीशी बसले. आमच्याकडं एकदा सांगितलं की झालं. डुलकी लागली तरी "मावशी, फाटा आला, उतरा" म्हणून कंडक्टर उठवतो.

इथं कुणी हाक मारली नाही. शाळेचं फाटक आलं, तिथं पिवळ्या कोटातली माझी नात बाईंचा हात धरून उभी, आणि बस सरळ पुढं निघाली. लेकरू तिथं आणि मी कुठं चालले, हे मेलं कुणाला विचारू? हात आपोआप उठला. साखऱ्याच्या फाट्यावर बडवतो तसा बसचा पत्रा मी दणादणा बडवला. "अहो, रोखा, लेकरू राहिलं मागं."

सगळी बस माझ्याकडं बघून राहिली. शेजारच्या म्हातारीनं दांड्यावरचं लाल बटण दाबलं. टिंग वाजलं आणि पुढच्या थांब्यावर बस उभी राहिली. एवढंच होतं तर. बिचाऱ्या ड्रायव्हरला कसा दोष देऊ?

निऱ्या वर धरून पळतच मागं आले. लेकीनं शाळेत फोन करून ठेवला होता, तरी बाईंनी आधी पोरीलाच विचारलं, ही कोण म्हणून. पोरीनं घामाघूम झालेल्या मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"माय आजी," ती अर्ध्या इंग्रजीत म्हणाली आणि येऊन माझं बोट धरलं. मला रडूच आलं. परतताना बटण तिनंच दाबलं, तेही अगदी वेळेवर.

घरी लेकीनं विचारलं, "तकलीफ झाली का गं?"

"छे, अजिबात न्हाई."

"आजीनं बसला मारलं," नात म्हणाली. शाळेच्या फाटकातून तिनं बसच्या खिडकीत सगळं बघितलं होतं. लेक टाके धरून धरून हसली, आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

नात माझ्या मांडीला टेकून बसली. "उद्या पण तूच येशील?"

"व्हय," मी म्हणाले, "येताना बटण मात्र तूच दाबायचं."