मिस्त्रींची मूठ

मिस्त्रींना माती दाखवली की ते ती नुसती बघत नसत, मुठीत घेत. करकचून दाबत, मूठ उघडत आणि तळहातावरचा तो लाडू दोन अंगठ्यांनी मधोमध मोडत. मोडलेली कड सरळ राहिली तर ओल बेताची. कड भुरभुरली तर माती तहानलेली. आणि तळहात ओला झाला तर घरमालक अडाणी. हा तिसरा निकाल माझ्या वाट्याला इतक्यांदा आला, की पुढेपुढे त्यांनी मूठ उघडायच्या आतच मी मान खाली घालायचे.

ही परीक्षा त्यांनी फौंड्रीतून आणली होती. सगळी नोकरी त्यांनी मोल्डर म्हणून काढली, म्हणजे काळ्या वाळूचे साचे करायचे आणि त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूत ओल कमी पडली तर साचा ढासळतो, जास्त झाली तर वाफ धरते आणि माल भंगारात जातो. "लोखंड माफ करत न्हाय, बाई," ते सांगायचे, "झाड तरी चार दीस दम धरतंय." निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी घराभोवतीची जागा हाताखाली घेतली. उचगावातल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकी सगळ्यांचे ते मिस्त्री, आणि त्यांच्या पत्नी सगळ्यांच्या भाभी.

मी त्यांच्या शेजारी घर बांधलं तेव्हा अंगणात हिरवंगार लॉन अंथरलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे झाडांचं आपल्याला कळतं असा माझा समज होता. आमची जागा म्हणजे निव्वळ मुरूम. पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि दिवाळीनंतर जो जातो तो जूनपर्यंत तोंड दाखवत नाही. मार्चात बोअरनं मान टाकली. मी टँकर मागवून लॉनवर नळी धरून उभी होते आणि मिस्त्री कुंपणावर हात टेकून बघत होते.

"बाई, ह्ये गवत म्हस खाती का?"

"नाही हो, शोभेचं आहे."

"मग त्येला पाणी पाजून काय करालाय?"

मला राग आला. पण एप्रिल संपेपर्यंत माझी शोभा पिवळी पडली, आणि पलीकडे मिस्त्रींच्या अंगणात फक्त आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर शेवगा, अडुळसा, कोरांटी, कण्हेर अशी सगळी मंडळी ताठ उभी होती. प्रत्येकाच्या बुडाशी उसाच्या पाचटाचा वीतभर थर. ऊसतोड झाली की ते सायकलवर पाचटाचे भारे लादून आणत आणि वैशाखात मात्र काडीलाही हात लावत नसत. "गप बसायचं. ह्ये बी बागंचंच काम हाय की," असं म्हणत ते खुर्चीत बसून राहत.

त्यांचं वर्ष ठरलेलं होतं. रोहिणीत आळी करायची, मृगात बी टाकायचं, श्रावणात कुंपणावर निळी गोकर्ण आणि थंडीत कोरांटीची फुलं. भादव्यात आमच्या गल्लीतली प्रत्येक गौर मिस्त्रींच्या अंगणातल्या तेरड्याची असे. आदल्या सकाळी भाभी दार सताड उघडं ठेवत आणि मिस्त्री दारात उभे राहून ओरडत, "मुळासकट उपटा गं पोरींनो, पर चार रोपं बियाला ठेवा!" ती चार रोपं कोणती, हे ते काठीनं दाखवत. त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

पण त्यांचा जीव होता वाळकावर. वाळूक म्हणजे काकडीचं गावठी भावंड, माळरानावर पाण्यावाचून येणारं. हे बी त्यांच्या आईचं. भाभी नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूनं ते त्यांच्या पदरात बांधलं होतं. दरवर्षी पेरण्यापुरतं बी ठेवून बाकीचं ते कागदाच्या पुड्यांत बांधून वाटून टाकत. नोकरीत असताना पाळी सुटायच्या वेळी फौंड्रीच्या फाटकाशी उभं राहून वाटत. कुणाला दिलं ते विचारलं तर म्हणत, "देताना नाव इचारत न्हाय मी."

एका वर्षी पावसानं उसंत दिली नाही. वाळकाचे दोन वेल कुजले. तिसरा कुंपण ओलांडून माझ्या बाजूला उतरला आणि त्याला एकच फळ धरलं. नवरात्रातल्या रविवारी जोतिबा करून माझ्या सासरची सात माणसं अचानक जेवायला आली. कोशिंबिरीला घरात काही नव्हतं. कुंपणाच्या अलीकडे लोंबेल ते माझं, असा मिस्त्रींचाच कायदा होता. मी ते हिरवं, कोवळं वाळूक तोडलं. देठाला लाल चिंधी बांधलेली होती. दृष्टीची असणार, असं मी धरून चालले. आमच्याकडे नव्या घरापासून म्हशीपर्यंत सगळ्यांना दृष्टीचं काहीतरी बांधतात. तोडलेल्या फळाला आता कसली दृष्ट, म्हणून ती चिंधी मी माझ्या दोडक्याला बांधली. त्याला तरी कुणाची नजर लागू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री कुंपणाशी आले. बराच वेळ दोडक्याकडे बघत राहिले.

"बाई, ही चिंधी हितं कशी आली?"

मी कौतुकानं सगळं सांगितलं. ते कट्ट्यावर बसले. ती चिंधी बियासाठी राखलेल्या फळाची होती. डब्यात एक दाणा उरलेला नव्हता, कारण मागचं सगळं पेरलेलं किंवा वाटलेलं. आणि मी खाल्लेल्या फळात बी म्हणजे नुसतं पाणी होतं.

"ग्वाड हुतं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं," म्हणाले आणि आत गेले. गल्लीभर ऐकू जाणारा तो माणूस आठ दिवस बोलला नाही. माझी मातीही बघायला आला नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्गात पोरांना बीजप्रसार शिकवणारी बाई मी, आणि शेजारच्या घरातलं तीन पिढ्यांचं बी कोशिंबिरीत घालून बसले होते.

शेवटी भाभींना बी नेलेला एक माणूस आठवला, फौंड्रीत भट्टीवर काम करणारा, कागलच्या पलीकडचा. गावाचं नावही अर्धवट. मी तीन रविवार स्कूटर घेऊन फिरले. तिसऱ्या रविवारी माळाच्या कडेला एका घरापुढे सुपात पिवळीधमक वाळकं दिसली. मी कुठलं बी म्हणून विचारलं, तर घरातली बाई म्हणाली, "आदी पाणी प्या, पावणं." मग सांगितलं, "मिस्त्रीचं वाळूक हाय ह्ये. आमच्या मालकास्नी फौंड्रीत एकानं दिलतं. आता समद्या गल्लीत हाय."

"मिस्त्रीचं म्हणता?"

"मग काय म्हणायचं? समदीच म्हणत्यात."

त्या मिस्त्रींची मी शेजारीण, हे मी छाती फुगवून सांगितलं. फळ कसं संपलं ते मात्र सांगितलं नाही. तिनं दोन पिकलेली वाळकं माझ्या पिशवीत घातली.

मिस्त्रींनी फळ नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. बी धुऊन, राखेत चोळून त्याचे तीन वाटे केले. एक त्यांचा, एक माझा आणि एक माझ्या शाळेतल्या पोरांना वाटायला. त्या गावात त्यांचं नाव वाळकाला लागलंय हे सांगितल्यावर म्हणाले, "माझं कशाला? अम्मीचं म्हणाया पायजे हुतं." पण संध्याकाळपर्यंत रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्यांनी ही हकिगत ऐकवली.

गेल्या वैशाखात त्यांचे गुडघे पार थकले. त्यांचा मुलगा दोघांना कायमचं न्यायला पुण्याहून गाडी घेऊन आला. सामान भरून झालं, भाभी बसल्या, तरी मिस्त्री कुठं दिसेनात. ते माझ्या अंगणात होते. लॉनच्या जागी आता माझे तेरडे, अबोली आणि अंबाडी येतात, तेव्हा मात्र नुसतं पाचट होतं. त्यांनी वाकून ते बाजूला सारलं, मूठभर माती घेतली, करकचून दाबली आणि मोडली. मी सवयीनं मान खाली घातली होती.

"वर बगा की," ते म्हणाले. कड सरळ होती. सुरीनं कापल्यासारखी. तळहात कोरडा होता. त्यांनी माती परत आळ्यात टाकली, पाचट सारखं केलं, हात विजारीला पुसले.

"आता तुमी मिस्त्री."

मुख्याध्यापकांपासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत अनेकांनी मला शाली दिल्या आहेत. त्यांतली एकही मला या दोन बोटं रुंद ढेकळाएवढी मोलाची वाटत नाही. त्यांच्यासमोर मला रडू आलं आणि ते नेहमीसारखे मोठ्यानं हसले.

त्यांच्या घरात आता भाडेकरू आलेत, नवं जोडपं. यंदा माझ्या वेलाचं पहिलं वाळूक त्यांच्याच बाजूला लोंबलंय. मी त्याला लाल चिंधी बांधली आणि लगेच त्यांच्या दारात जाऊन सांगून आले, की ही दृष्टीची नाही.