बांबूला बांधलेली पट्टी

बायकोचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. घरात बसवत नव्हतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. साताऱ्यात धरणाच्या मोजणीच्या हापिसात मी खलाशी होतो. मोजणीची उंच पट्टी सरळ उभी धरायची, साहेब लांबून दुर्बिणीतनं आकडा घेणार, एवढंच माझं काम. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या हातात पट्टी हलायची नाही, आणि त्याचा मला लय तोरा होता.

बायको चेष्टा करायची. "आवं, काठी धरायचा पगार घेता व्हय? बांबूला बांधा की, आन घरी या."

मी म्हणायचो, "तुला काय कळतंय? माणसाचा हात लागतो त्याला."

शेवटी सांगलीच्या दवाखान्यात खाटेवरनंही ती हेच म्हणाली. मी हसलो आणि कामावर हजर व्हायला साताऱ्याची एस.टी. धरली. तेच तिचं शेवटचं बोलणं.

त्या साली हापिसात नवी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, आली होती. तिच्या आत कॅमेरा. पट्टीवर आकड्यांऐवजी नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा. त्या बघून यंत्र आपणच उंची सांगायचं. कोयनेला न्यायच्या आधी ते खरं सांगतंय का, हे बघायचं होतं. आवारात दोन खुंट्या ठोकल्या. यंत्र आधी दोन्हींच्या मधोमध लावायचं, मग एकीच्या जवळ. दोन्ही वेळा खुंट्यांच्या उंचीतला फरक एकच आला पाहिजे, नाहीतर यंत्र कंपनीला परत.

पट्टी मी धरली. यंत्र आकडाच देईना, आणि दिला तर दर वेळी निराळा. साहेबांनी काच पुसली. पट्टीवर झाडाची सावली पडती का बघितलं.

"कॅमेराच गेलेला दिसतोय. पाठवा परत."

कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. पट्टी सरळ आहे का ते दाखवणारा काचेतला बुडबुडा माझ्या नाकासमोर नाचत होता. हात कापत होते माझे. तेराव्यापर्यंत डोळ्यातनं टिपूस आलं नव्हतं, ते आता हातातनं निघत होतं. चारचौघांत हे सांगायचं कसं? पट्टी आणखी घट्ट आवळली.

जोडीचा खलाशी जवळ आला. "गड्या, सोड. मी धरतो."

"न्हाई सोडत."

"आरं, समदी बघाय लागल्यात."

"बघू दे."

मग साहेबांनीही माझ्या हाताकडं बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी दोन बांबू मागवले, पट्टीला दोन्हीकडनं टेकू देऊन बांधायला लावले.

"मामा, आता हात काढा."

काढला. आकडा लगेच आला. पुन्हा घेतला, तोच आला. पट्टी दुसऱ्या खुंटीवर नेऊन बांधली, यंत्र हलवलं, सगळं बरोबर जुळलं. यंत्र चांगलं होतं. माणसं खूश होऊन चहाला गेली.

पट्टी बांबूला टेकून उभी होती, जरासुद्धा हलत नव्हती. मी बाजूला रिकामा.

साहेब जाता जाता म्हणाले, "मामा, आज लवकर घरी जा."

कुठल्या तोंडानं जाणार होतो?