बाजारात मांडलेली रेल्वे

म्हस्कू रेल्वेच्या एका साहेबाचा कॅमेरा वाहायचा. साहेब विलायतेला परतताना त्याला जास्तीचे फोटो देऊन गेला. कुंभार पिंपळगावला घरी आल्यावर म्हस्कूनं ते निगुतीनं पुठ्ठ्यांवर चिकटवले. इंजिनं एकीकडे, पूल दुसरीकडे, स्टेशनं वेगळी. गावात कित्येकांनी आगगाडी पाहिलीच नव्हती, म्हणून बाजाराच्या दिवशी त्यानं सगळे पुठ्ठे लिंबाखाली मांडले.

लोक आले, पण लांबच उभे राहिले.

"कशापायी दाखवून राह्यला हे?" पुंजाराम पाटलांनी विचारलं. "आमच्या रानातून रूळ न्यायचेत काय? कुणी धाडलं तुला?"

"कुणीच न्हाई, पाटील. नुसतं बघा."

"नुसतं कोण दाखवतं?" पाटील वळले, तशी माणसंही पांगू लागली. म्हस्कूचं तोंड उतरलं.

तेवढ्यात शेतकरीण दुर्गाबाई खाली वाकली. तिनं एका फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही विहीर कुणाची रे?"

रुळाच्या भरावाखाली अर्धी विहीर बुजली होती, मोटेचं चाक तेवढं वर राहिलं होतं. हा फोटो म्हस्कूनं कितीदा तरी पाहिला होता, पण विहीर त्याला आजच दिसली.

"बुजवलीय खरी," तो ओशाळून म्हणाला. "कुणाची, ते मी इचारलंच न्हाई, माय."

"खोटं बोलला असतास, तर निघून गेले असते." तिनं बसकण मारली. "आता बाकीचे दाखव."

म्हस्कूनं इंजिनांचा पुठ्ठा पुढं सरकवला. विहिरीचं ऐकून पाटीलही परत आले, पण इंजिनाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. रुळाखाली कुणाचं रान गेलंय, तेच ते प्रत्येक फोटोत शोधत राहिले.