विचारून चालणारी माणसं

एनिड मेटकाफला चिडायला कारण लागत नाही, असं आमच्या स्कार्सबीत सगळे म्हणायचे. साफ खोटं. तिच्याकडे कारणं ढिगानं होती, ऐकून घेणारं कुणी नव्हतं. मी गावातला पब चालवतो, बारा वर्षं तिचं ऐकत आलोय, म्हणून सांगतो.

गावाबाहेर म्हाताऱ्या सिरिल बूथमनच्या रानातून एक पायवाट जाते. दोन शेतं ओलांडली की जुनं स्कार्सबी. आता तिथं गवताखाली घरांचे उंचवटे आणि बिनछपराचं चर्च, एवढंच. उन्हाळ्यात लीड्सहून, लंडनहून लोक बघायला यायचे आणि एनिड त्यांना हिंडवायची. पैसे घ्यायची नाही, वर शिव्या फुकट द्यायची.

एकदा एक बाई म्हणाली, "अय्या, किती शांत आहे ना इथं!"

एनिड उसळलीच. "असणारच शांत! पाचशे वर्षांपूर्वी जमीनदारानं माणसं हाकलली आणि मेंढ्या सोडल्या. लोकरीला भाव होता ना! तुम्ही उभ्या आहात तिथं कुणाची तरी चूल होती, बाई. बाजूला व्हा."

बाई घाबरून बाजूला झाली. मला हसू आवरेना.

त्या चर्चच्या भिंतीशी एनिडच्या मुलाची, कॉलिनची राख पुरलेली होती. पोरगा एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलवर गेला. दर रविवारी ती त्या वाटेनं त्याच्याकडे जायची. बर्फ पडो नाहीतर चिखल होवो, ती जायचीच.

मग सिरिल वारला, पुतण्यानं शेती विकली आणि ज्युलियन फेन नावाचा शहरी माणूस मालक झाला. बोलणं असं मऊ, की लोणी परवडलं. महिन्याभरात वाटेवर फाटक बसलं आणि फाटकाला कुलूप लागलं.

एनिड पबमध्ये येऊन गरजली, "वाट अडवतो? चाळीस वर्षं चालतेय मी! लोक वीस वर्षं उघडपणे चालले की वाट सगळ्यांची होते, मग राजाच्या बापाला ती बंद करता येत नाही. भांडू आपण."

आणि भांडली! तिनं गावातली म्हातारी माणसं गोळा केली, अर्ज केला, वरून चौकशी अधिकारी आणवला. गावाच्या सभागृहात सुनावणी लागली. मी मागच्या बाकावर होतो.

आमच्या बाजूची पहिली साक्ष मार्जरी पिकरिंगची. नवी टोपी घालून आलेली. फेनच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "त्या वाटेनं जाताना मालकाला विचारत होतात?"

"म्हणजे काय!" मार्जरी ताठ बसली. "आम्ही काय रानटी आहोत? दर वसंतात सगळा गाव काठ्या घेऊन शिवेचे दगड बडवायला निघतो, गावाची हद्द कुणी विसरू नये म्हणून जुनी रीतच आहे ती. सिरिलच्या रानाशी आलं की पाद्रीसाहेब टोपी काढून विचारायचे, 'येऊ का?' सिरिल म्हणायचा, 'या की, वर्षभर या!' आणि सगळ्यांना घरची जिन पाजायचा."

मग एकेक जण उठला आणि आपण केवढ्या अदबीनं विचारायचो ते सांगू लागला. चढाओढच लागली मेल्यांची! वकील नुसता मान डोलवत होता. शेवटी त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं, की मालकाच्या परवानगीनं चाललेल्या वाटेवर लोकांचा हक्क होत नाही, मग शंभर वर्षं का चालेनात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एनिड उभी राहिली. "मी कधी कुणाला विचारलं नाही! रानात उगवलेली वाट आहे, सिरिलच्या घरातला जिना नव्हे!"

"पण पाद्रीसाहेब विचारायचे तेव्हा तुम्ही तिथं होतात?" वकील म्हणाला.

"होते."

"काही बोललात?"

"जिन प्याले," ती म्हणाली आणि खाली बसली.

निकाल विरोधात गेला. फेननं दुसऱ्याच आठवड्यात कुलूप काढलं आणि पाटी लावली: वाट मालकाच्या संमतीने खुली आहे, आपले स्वागत. गाव खूश! मार्जरीनं त्याच्यासाठी केक भाजला.

"बघ, उगाच डोकं फोडून घेतलंस," ती पबमध्ये एनिडला म्हणाली. "चांगला आहे गं तो. जाऊ देतो की."

"जाऊ देतो!" एनिडनं ग्लास आपटला. "काल माझं होतं ते आज तो मला देतो, आणि तू त्याला केक नेतेस! उद्या नको म्हणाला तर? मेंढ्यांच्या वेळीही असाच केक नेला असेल तुझ्या खापरपणजीनं!"

मार्जरी रडत निघून गेली. मला तिची जराही दया आली नाही.

रविवारी मी एनिडबरोबर गेलो. फाटकाशी फेन कुत्रा घेऊन उभा होता. त्यानं अदबीनं फाटक उघडून धरलं.

"या ना, मिसेस मेटकाफ. केव्हाही या."

"मला अडव," एनिड म्हणाली.

"काय?"

"नाही म्हण! म्हण, माझ्या रानात पाऊल टाकू नकोस. मग मी तुझ्या नाकावर टिच्चून आत जाते."

"असं कसं म्हणेन?" तो हसला. खरंच त्याला कळलं नव्हतं. "तुमचा मुलगा आहे तिथं. माझी पूर्ण परवानगी आहे."

मी म्हटलं, "चल गं एनिड, कॉलिनसाठी तरी."

"नाही रे लेका," ती म्हणाली. "माझ्या पोराला भेटायला याची परवानगी?"

ती वळली आणि गावाकडे चालू लागली. त्यानंतर ती जुन्या स्कार्सबीला कधीच गेली नाही.