आईच्या अंगातलं विष

परवा सांगलीत आईचं औषध बंद झालं.

आई आटपाडीची, उभा जन्म डाळिंबाच्या बागेत गेलेला. कॅन्सर निघाल्यापासून उपचारासाठी माझ्याकडे सांगलीत आहे. साधी केमो उपयोगी पडेना, तेव्हा डॉक्टरांनी हे नवं औषध सुरू केलं... त्यात एक अँटिबॉडी असते आणि तिला जोडलेलं विष. विष इतकं जहाल की नुसतं दिलं तर माणूसच जायचा. अँटिबॉडी कॅन्सरची पेशी हुडकून आत शिरते आणि विष तिथं सोडते.

"म्हंजी फवारणीच की ही," आई म्हणाली. डॉक्टर हसून हो म्हणाले आणि तिथंच घोळ झाला.

फवारलेल्या बागेत लेकरं सोडायची नाहीत, ठरलेले दिवस फळाला हात लावायचा नाही, हे आईच्या अंगात मुरलेलं. पहिला डोस घेऊन घरी आली तीच ताट-तांब्या वेगळा करून बसली. माझ्या दोन वर्षांच्या सईला जवळ येऊ देईना. बाथरूमची थोडी काळजी घ्या, बाकी नातीला खुशाल मांडीवर घ्या, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं... छे. "आवं डाक्टर, इख हाय माज्या अंगात. लेकराला बादलं म्हंजी?" आम्ही सगळ्यांनी हात टेकले.

तिच्या हिशेबाचे दिवस भरत यायचे आणि पुढचा डोस लागायचा. सई दारात उभी राहून हाका मारायची, आजी लांबूनच टाळ्या वाजवायची. मला आधी राग यायचा, मग रडू यायचं.

परवाच्या स्कॅनमध्ये यकृतात नव्या गाठी दिसल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हे औषध आता काम करत नाही, दुसरं देण्यासारखंही काही उरलं नाही, त्रास कमी ठेवू, म्हणाले... आईला मी एवढंच सांगितलं की औषध बंद केलंय. तिनं का ते विचारलं नाही.

घरी आल्यावर तिनं डोक्यावरून अंघोळ केली, धुतलेली साडी नेसली. मागच्या डोसचे तिचे दिवस भरलेच होते. पलंगावर बसून सईला हाक मारली, "यं बाय, आता इख न्हाई माज्यात." सई पळत जाऊन मांडीत शिरली.

कित्येक महिन्यांत आई एवढी खुशीत दिसली नव्हती. सईच्या केसांतून हात फिरवत मला म्हणाली, "लय बेस झालं बग, बंद केलं त्ये." मी हो म्हणाले आणि दोघींचा फोटो काढला.

तोच खाली टाकलाय. किती गोड, असं म्हणाल तर म्हणा, आहेतच गोड. पण मला सई अजून दारातच उभी असायला हवी होती... आणि आईच्या अंगात ते विष.