उभा असताना गळत नव्हता

अरुणच्या बायकोचा, नीलिमाचा फोन आला तेव्हा मी चँडलरच्या पोस्टात रांगेत उभा होतो. "सुहास, अरुण सकाळी उठलाच नाही," ती म्हणाली. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. रांग सोडून मी बाहेर आलो, गाडीत बसलो आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की डॉक्टरांनी नीट तपासलं असेल ना... अरुण असता तर त्यानं हेच विचारलं असतं. त्याला आता काही आठवडे झाले.

पुण्याला कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो, आणि पुढे नोकरीनं दोघांनाही अमेरिकेत, ॲरिझोनातल्या या चँडलरला आणून टाकलं. तो चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. बिघडलेली चिप मायक्रोस्कोपखाली धरायची आणि दोष कुठून शिरला ते शोधायचं, हे त्याचं काम. पगार संशय घेण्याचाच होता म्हणा ना. पण घरी आल्यावरही तो संशय काही उतरत नसे. गॅरेजचं दार लागलंय का हे बघायला तो कोपऱ्यावरून गाडी परत फिरवायचा. हॉटेलात बिल आलं की वेटरकडे असा बघायचा, की मलाच लाज वाटे.

रिटायर झाल्यावर त्यानं एक जुना ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे ओढून न्यायचं, आत बिछाना आणि शेगडी असलेलं ॲल्युमिनियमचं छोटंसं घर. आमच्या जन्माच्या आसपासचं मॉडेल असावं. पहिल्याच सहलीला मी त्यांच्याबरोबर होतो. माझी बायको तेव्हा पुण्याला तिच्या आईजवळ होती. वाटेत जेवायला थांबलो तेव्हा मी ट्रेलरमध्ये जरा आडवा झालो, मग पुढे निघालो. फ्लॅगस्टाफचा घाट चढताना धो धो पाऊस लागला. पोचून दार उघडलं तर खिडकीखालचा सगळा बिछाना ओलाचिंब.

अरुणनं आधी माझ्याकडे पाहिलं. "तू मघाशी खिडकी उघडली होतीस?"

"नाही रे."

मग तो नीलिमाकडे वळला. निघताना खिडक्यांच्या कड्या लावायचं काम तिचं होतं. "लावल्या होत्या मी," ती म्हणाली. तो एकेक कडी स्वतः हलवून बघायला लागला.

घरी परतल्यावर त्यानं बागेतला पाइप घेऊन ट्रेलरला चहूबाजूंनी अंघोळ घातली. नीलिमा आत टॉर्च घेऊन बसली होती. एक थेंब आला नाही. पुढच्या सहलीला पुन्हा बिछाना ओला! आता विकणाऱ्यानं फसवलं इथपासून दुरुस्तीवाल्यानं मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवलं इथपर्यंत सगळं बोलून झालं. "उभा असताना गळत नाही आणि चालताना गळतो," तो मला म्हणाला, "म्हणजे निघताना कुणीतरी काहीतरी करतंय." कुणीतरी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला त्यानं जे केलं ते मला आजही पटत नाही. नीलिमानं कड्या लावल्यावर त्यानं गुपचूप प्रत्येक कडीला दोरा बांधला. कडी कुणी हलवली तर तुटावा असा. मुक्कामाला पोचल्यावर बिछाना ओला होता आणि दोरे जसेच्या तसे. पण ते दोरे आधी नीलिमाच्या हाताला लागले.

"हे काय आहे, अरुण?"

"काही नाही... चेक करत होतो."

"खिडक्यांना की मला?"

त्या सहलीत ती त्याच्याशी बोलली नाही. मात्र परत निघताना तिनं आपला फोन ओट्यावर टेकवून व्हिडिओ सुरू करून ठेवला. नशिबानं वाटेत पाऊस लागला. घरी तिघांनी तो व्हिडिओ पाहिला. गाडीनं वेग घेतल्यावर टेबलावरचा कागदी नॅपकिन अलगद उठला आणि छताच्या झडपेच्या जाळीला जाऊन चिकटला. मग खिडकीच्या खालच्या खाचेत पाण्याचे बुडबुडे यायला लागले. बाहेर वाहून जायचं पाणी उलट आत खेचलं जात होतं आणि बिछान्यावर उडत होतं. छतावरची झडप थोडी उघडी होती. चालत्या गाडीत तिथून आतली हवा बाहेर ओढली जायची आणि तिची जागा भरायला खिडक्यांच्या फटींतून वारा पाणी घेऊन शिरायचा.

"झडप कुणी उघडी ठेवली?" अरुणनं सवयीनं विचारलं, आणि मग त्याच्याच लक्षात आलं. आत उकडू नये म्हणून दर खेपेला तोच ती उघडी ठेवायचा.

"चला, पाण्याचं कळलं," नीलिमा म्हणाली. "माझं काय?"

पुढे कित्येक महिने ती सहलीला गेली नाही. अरुण घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये एकटाच खपत राहिला. इथल्या उन्हानं खिडक्यांच्या कडेचं रबर पापडासारखं कडक झालं होतं, ते सगळं काढून नवं बसवलं. पाणी बाहेर जायची बुजलेली भोकं तारेनं मोकळी केली. मी अधूनमधून मदतीला जायचो. एकदा तो हात पुसत घरात गेला, नीलिमासमोर उभा राहिला आणि माझ्यादेखत म्हणाला, "मी चुकलो. दोरे बांधायला नको होते. खिडक्या तू लाव, मी बघणार नाही. झडप माझी." पुढच्या सहलीला ती आली. ती कड्या लावत होती तेवढा वेळ हा गडी खिशात हात घालून रस्त्याकडे तोंड करून उभा! माझा विश्वासच बसेना. यानं आत कॅमेरा लावला असणार, असं वाटून मी खरंच शोधून आलो. नव्हता. त्या दिवशी घाटात पाऊस झाला आणि बिछाना कोरडा राहिला. त्यानंतरही कितीदा गेलो. अरुण सगळ्या जगावर संशय घेत राहिला, पण त्या खिडक्यांकडे त्यानं पुन्हा वळून पाहिलं नाही.

अरुण गेल्यावर त्यांचा मुलगा न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून आला होता. "आई, जस्ट सेल इट," ट्रेलरकडे बघून म्हणाला. नीलिमानं ऐकून घेतलं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "फ्लॅगस्टाफला जाऊ या का? ड्राइव्ह मी करते." मला शंका आली, नीलिमा तो ट्रेलर तिकडेच कुणाला देऊन टाकणार की काय. तरी गेलो. तिनं एकेक कडी लावली, मग झडपेखाली येऊन थबकली. बिछान्याच्या कडेवर चढून तिनं हँडल धरलं, जोर लावला. ते हललं नाही.

"मी करू का?"

"नको," ती म्हणाली. "बंदच आहे. मागच्या वेळी आल्यावर अरुणनंच केली असणार... घट्ट."

हँडलवरचा हात तिनं बऱ्याच वेळानं काढला. मग आम्ही निघालो. घाटात पाऊस लागला. थांबून आत बघू या, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.