सुंदररावांचं शून्याचं तिकीट

तेलगावच्या सुंदररावांचं वय एकसष्ट. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि आता धारूरच्या ताराबाईंचं स्थळ सांगून आलं होतं. बाई निवृत्त शिक्षिका. अट एकच, माणूस पासष्टच्या आतला पाहिजे. सुंदररावांनी मिशा काळ्याभोर केल्या, कडक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि निघताना थोरल्या भावाचं, भगवानरावांचं, आधार कार्डही खिशात टाकलं. भगवानराव सत्त्याहत्तरचे, आणि पंच्याहत्तरच्या पुढं एसटी फुकट. फोटोची काळजी नव्हती. आधारवरचा फोटो कुणासारखाच नसतो.

तरी धाकधूक होतीच. कंडक्टर आला. त्यानं कार्ड पाहिलं, सुंदररावांकडं पाहिलं आणि मशीनमधून शून्याचं तिकीट काढून हातात दिलं. मग समोरच्या सीटवरच्या पांढऱ्याशुभ्र केसांच्या माणसाला म्हणाला, "उठा हो पाव्हणं, म्हाताऱ्या माणसाला बसू द्या."

सुंदररावांच्या काळजाला घरं पडली. पकडले गेले असते तर एवढं लागलं नसतं.

"फुल तिकीट द्या," ते म्हणाले.

"आजोबा, तुमाला फुकट हाय. पैसे घेतले तर माझी नोकरी जाईल."

"अहो, मी एकसष्टचा हाय. ते कार्ड भावाचं. मी फसवलंय तुमाला. दंड लावा."

उभ्या जन्मात सुंदरराव इतकं खरं बोलले नव्हते. वर पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचं कार्ड काढलं. कंडक्टरनं ते उलटसुलट पाहिलं आणि हळू आवाजात समजावलं, "हे धाकट्या भावाचं दिसतंय. दुसऱ्याचं कार्ड वापरणं गुन्हा हाय, आजोबा. ठेवा आत."

मागची एक बाई कळवळली. "आमच्या सासऱ्याचं बी असंच झालतं. आदी वय विसरले, मंग नाव."

सगळी बस हळहळली. घाटात कुणीतरी त्यांना केळं सोलून दिलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

ताराबाईंच्या घरी चहापोहे झाले. बाई त्यांना आवडल्या, अगदी मनापासून आवडल्या. "राग मानू नका," ताराबाई म्हणाल्या, "पण लोक वय फार चोरतात. कार्ड आणलंय ना?"

सुंदररावांनी छाती पुढं काढून स्वतःचं, खरंखुरं कार्ड दिलं. त्याला चिकटून बसमधलं तिकीटही गेलं. ताराबाईंनी चष्मा लावून वाचलं, पंच्याहत्तर वर्षांवरील, मोफत.

"हे कार्ड कुणाचं आणलंत?" त्यांनी विचारलं.

निघताना दारात ताराबाईंचा भाऊ "कळवतो" म्हणाला. कळवतो म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात पोरासोरांनाही कळतं.

घरी आल्यावर सुंदररावांनी थोरल्याचं कार्ड त्याच्यापुढं टाकलं.

"काई तरास झाला का बे बसमदी?" भगवानरावांनी विचारलं.

"न्हाई."

"नशीबवान हायस. मला दर खेपेला अडवतेत. म्हणतेत, तुमी पंच्याहत्तरचे दिसत न्हाई, कार्ड कुणाचं आणलंत?"